पंप चालू होता, तरी दुखत होतं

लोक भेटले की विचारतात, "ऑपरेशन कसं झालं?" मी सांगते, चांगलं झालं. ते खोटं नाही. सर्जनचा हात चांगला होता, गाठ निघाली, जखमही नीट भरली. पण मला जे सांगायचंय ते ऑपरेशनचं नाही. त्याच्या नंतरच्या दिवसांचं आहे. मी दुखतंय म्हणत होते आणि भोवतालची शहाणी माणसं मला समजावत होती, की तुम्हाला दुखत नाहीये. त्याचा राग अजून गेलेला नाही. तो जायची वाट बघत बसले असते तर हे लिहूनच झालं नसतं.

मी सुनंदा. मखमलाबादच्या अंगाला आमचा मळा आहे. शेवंती, झेंडू आणि मधल्या वाफ्यांत कोथिंबीर, मेथी. माल काढणं आणि जुड्या बांधणं माझ्याकडे, बाजारात नेणं माझ्या मालकांकडे. त्यांचं नाव रामदास, पण मी इथं 'हे' असंच लिहिणार, कारण बोलतानाही मी तेच म्हणते.

गॅस

उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं तेव्हा सगळ्यांनी एकमुखानं निदान केलं: गॅस. जाऊबाई म्हणाल्या तिखट कमी कर. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं गोळ्या दिल्या. हे म्हणाले, "दिवसभर वाकून राहतीस, भरत आसंल तिथं." मीही तेच धरून चालले. वाकलं की आत काहीतरी अडल्यासारखं व्हायचं, एखादी पिशवी कोंबून ठेवावी तसं. जेवण अर्ध्यावर आलं तरी मी गॅसच्याच गोळ्या खात होते.

शेवटी दिवाळीची फुलं संपल्यावर सोनोग्राफी केली. तपासणारी डॉक्टर पोटावरून ते यंत्र फिरवता फिरवता एका जागी थांबली, पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथंच आली. मग म्हणाली, "सोबत कोणी आलंय का?"

ज्यांनी हा प्रश्न ऐकलाय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही.

"लिव्हरमध्ये गाठ आहे. मोठी आहे. पाण्याची वाटतेय." ह्यांनी 'गाठ' एवढंच ऐकलं. घरी पोचलो तर जाऊबाई दारातच रडायला लागल्या आणि मला उलट त्यांनाच पाणी द्यावं लागलं.

सर्जननी मग नीट सांगितलं. कॅन्सर नाही. कुत्र्याच्या आतड्यात एक जंत असतो, त्याची अंडी मातीत पडतात, पाल्याला लागतात, माणसाच्या पोटात गेली की लिव्हरमध्ये पाण्याची गाठ धरते. ती आत फुटली तर जिवावर बेततं, म्हणून काढायची. त्याआधी काही आठवडे जंताच्या गोळ्या. मी वाफ्यात बसल्या बसल्या कोथिंबिरीची काडी तोडून तोंडात टाकते, लहानपणापासून. आणि मळ्यात कुत्री आहेतच. ह्यांनी कुत्र्यांनाही जंताचं औषध पाजलं. आम्ही सगळे एकाच औषधावर.

पण बाहेर मात्र ह्यांनी "पोटाचं ऑपरेशन" एवढंच सांगितलं. "आपण भाजी विकतो. भाजीतून जंत गेला आसं कुणाला सांगतीस?" पहिली गोष्ट तिथंच झाकली गेली.

पाठीतली नळी

नाशकातल्या ज्या दवाखान्यात माझं ऑपरेशन ठरलं, तिथल्या भूल देणाऱ्या मॅडम आदल्या दिवशी भेटायला आल्या. खुर्ची ओढून बसल्या, हे मला आवडलं. म्हणाल्या, "बरगडीखाली मोठी जखम होणार. तिथं दुखलं की माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग छातीत कफ साठतो. म्हणून पाठीत, मणक्यापाशी, दोऱ्यासारखी बारीक नळी ठेवणार आहे. पंपातून तिच्यात हळूहळू औषध जात राहील. पोट बधिर राहील, तुम्ही जाग्या असाल."

माझी धाकटी बहीण मंदा मनमाडला असते, रेल्वेत नोकरीला. तिला फोनवर सांगितलं तर ती ओरडली, "ताई, पाठीत सुई नको घेऊ! आमच्या शेजारणीची कंबर सिझरपासून गेली ती गेलीच." जाऊबाईंकडेही अशीच एक गोष्ट तयार होती. मी मॅडमना सरळ विचारलं. त्या हसल्या नाहीत. काय काय होऊ शकतं, किती क्वचित होतं, सगळं सांगितलं. त्यातलं एक वाक्य असं होतं: "कधी कधी नळी सरकते किंवा नीट काम करत नाही. तसं वाटलं तर आम्हाला सांगायचं."

तसं वाटलं तर सांगायचं. किती सोपं वाटलं होतं.

ऑपरेशनच्या सकाळी मला टेबलावर बसवून पाठ मांजरासारखी करायला लावली. समोर एका बाईनं माझे खांदे धरले होते. पहिल्यांदा सुई हाडाला लागली, मग दुसऱ्यांदा जमलं. दुखण्यापेक्षा मला भीती वाटत होती ती हलण्याची. "झालं," मॅडम म्हणाल्या, "आता पाठीवर चिकटपट्टी लावतेय." नंतरचं मला आठवत नाही.

जाग आल्यावर पहिला दिवस खरंच सुखाचा गेला. पोटावर हात ठेवला तर ते पोट माझं नव्हतंच. हे कडेला बसून मोसंबी सोलत होते. फोन करून सगळ्यांना सांगत होते, "कायच दुखत नाय म्हणती. लय भारी सोय हाय."

नऊ म्हणजे काय

दुसऱ्या दिवशी मला खुर्चीत बसवायचं ठरलं. दोघांनी काखेत हात घालून उचललं, खालची चादर सरकली आणि पाठीत काहीतरी ओढल्यासारखं झालं, ब्लाउजचा हूक कशाला अडकावा तसं. मी म्हटलं, "अहो, पाठीत ओढलं." सिस्टर म्हणाली, "पट्टी आहे ती." बसवलं, परत झोपवलं.

दुपारपर्यंत दुखायला लागलं. आधी जखमेच्या एका टोकाला, मग पूर्ण उजव्या बाजूला. श्वास घेतला की बरगडीखाली कोणी विळा फिरवल्यासारखं. मी सिस्टरला बोलावलं. तिनं पंपाकडे पाहिलं.

"पंप चालू आहे, मावशी. औषध जातंय."

"पण दुखतंय."

"रीडिंग बरोबर आहे बघा."

मला रीडिंग काय दाखवता? मला ते वाचून काय कळणार होतं? आणि कळलं असतं तरी दुखायचं थांबणार होतं का? तिनं पंप जरा वाढवला. काही फरक पडला नाही. पुन्हा बोलावलं तेव्हा ती दुसरीकडे गुंतली होती, ते मला दिसत होतं. तिच्या एकटीकडे भरपूर खाटा होत्या. तिच्यावर माझा आज राग नाही. तेव्हा होता.

मग वॉर्डचा तरुण डॉक्टर आला. "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?"

"नऊ."

तो हसला. वाईट हसला असं नाही, मास्तर हसतात तसा. "नऊ म्हणजे माणसाला बोलता येत नाही. तुम्ही तर छान बोलताय. चार-पाच म्हणू या."

मी म्हटलं, "तुम्हीच ठरवणार होता तर मला विचारलं कशाला?"

हे लगेच मध्ये पडले. "तिला जरा टेन्शन आलंय, साहेब."

सगळ्यात जास्त जखम मला त्या वाक्याची झाली. डॉक्टर गेल्यावर मी म्हटलं, "मला टेन्शन नाही आलं. मला दुखतंय." हे हळू आवाजात म्हणाले, "अगं, पोट फाडलंय, थोडं तर दुखणारच ना. दम धर. बाकीचे पेशंट बघ." शेजारच्या खाटेवरची बाई तोंडावर पांघरूण घेऊन झोपली होती. तिला पाठीत नळी होती की नव्हती, तिचं कसलं ऑपरेशन झालं होतं, ह्यांना काही माहीत नव्हतं. पण ती गुणी आणि मी हट्टी.

शिरेतून एक दुखण्याचं इंजेक्शन दिलं. थोडा वेळ गुंगी आली. गुंगीतही मी कण्हत होते, असं ह्यांनीच नंतर सांगितलं.

तीन गोळ्या

श्वासाच्या व्यायामाला प्लॅस्टिकचं एक यंत्र देतात, त्यात तीन गोळ्या असतात. नळीनं श्वास आत ओढायचा, गोळ्या वर चढवायच्या. ऑपरेशनच्या आधी मी तिन्ही चढवत होते. आता पहिलीही जागची हलेना. व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली, "काकू, प्रयत्न करा. तुम्ही मनावर घेत नाही." खोकायला सांगितलं. मी पोटावर उशी धरून खोकायचा प्रयत्न केला आणि मध्येच श्वास अडकला, डोळ्यांपुढे काळोख आला. खोकला तिथंच जिरला. छातीत कफाचा घरघर आवाज मला स्वतःला ऐकू येत होता.

त्याच सकाळी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, मला कळलं की माझी पाठ ओली आहे. गाऊन पाठीला चिकटला होता आणि पट्टीच्या खालची चादर दमट होती. मी साफसफाईच्या बाईंना दाखवलं, त्यांनी सिस्टरला सांगितलं. उत्तर आलं, "घाम आला असेल, ताप आहे ना."

हो, तोपर्यंत तापही आला होता. आणि तापाचं कारण काय? तर मी श्वासाचा व्यायाम करत नाही. वॉर्डच्या डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की असंच चाललं तर न्यूमोनिया होईल, ऑक्सिजन लावावा लागेल, तुम्ही त्यांना समजवा. हे माझ्याकडे आले ते चिडूनच. "तू का ऐकत नाहीस गं? ते तुझ्या भल्याचंच सांगतेत ना? सगळा पंप-बिंप लावून ठेवलाय, आन् तू फुंकतसुद्धा नाहीस!"

"फुंकायचं नाही, ओढायचं आहे," मी म्हटलं. "आणि तुम्ही घरी जा."

"काय?"

"घरी जा. फुलं तोडा. मला इथं माझ्याविरुद्ध बोलणारं माणूस नको."

ते गेले नाहीत. बाहेर बाकावर जाऊन बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, आमची भांडणं झाली नाहीत असं नाही, पण परक्या माणसांसमोर मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दुखत असताना माणूस चांगला राहू शकत नाही, निदान मी तरी राहू शकले नाही.

थोड्या वेळानं सर्जन राउंडला आले, मागे चार-पाच जण. "काय सुनंदाताई, कसं काय?" म्हणून ते वळायच्या आत मी त्यांच्या कोटाची बाही धरली. खरंच धरली.

"साहेब, ज्या मॅडमनी पाठीत नळी टाकली त्यांना बोलवा. ही नळी काम करत नाही. माझी पाठ ओली आहे. त्या येईपर्यंत मी व्यायाम करणार नाही, खुर्चीत बसणार नाही आणि जेवणारही नाही."

हे दारातून धावत आले. "अगं, साहेबांशी काय बोलतीस!"

सर्जन थांबले. माझ्याकडे बघितलं, मग त्या तरुण डॉक्टरकडे. "मॅडमना कळवलं नाही का?" तो काहीतरी पुटपुटला. "बोलवा ना मग. त्यात काय?"

त्यात काय! मला हसावं की रडावं कळेना. कालपासून मी ज्यासाठी जीव काढत होते ते एका वाक्यात होणार होतं, फक्त ते माझ्या वाक्यानं होणार नव्हतं.

ह्यांचा चेहरा

मॅडम आल्या. ऑपरेशन झाल्यापासून त्यांची ड्यूटी दुसऱ्या इमारतीत होती, नळी बघायचं काम दुसऱ्या कोणावर होतं आणि त्या दुसऱ्यानं पंपावरचे आकडे बघून पुढची वाट धरली होती. हे मला नंतर कळलं. मॅडमनी पंपाकडे पाहिलंच नाही. हातमोज्यात बर्फाचा खडा घेऊन तो माझ्या खांद्याला लावला. "गार लागतंय?" हो. मग पोटाच्या उजव्या बाजूला. "इथं?" तितकंच गार. डाव्या बाजूलाही गार.

"इथं बधिर असायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "नळी हललीये असं मला वाटतं. पण नुसतं वाटून उपयोग नाही, बघू या."

सोनोग्राफीचं छोटं मशीन ढकलत आणलं. मला खाटेच्या कडेला बसवून पुढे वाकायला सांगितलं आणि टेकायला कोणीतरी हवं म्हणून ह्यांना समोर उभं केलं. माझं कपाळ ह्यांच्या छातीवर. मशीन माझ्या पाठीमागे. पडदा मला दिसणं शक्यच नव्हतं. मी मान वर करून बघितला तो ह्यांचा चेहरा.

पाठीवर गार जेली लागली. मॅडम बोलत होत्या, "दादा, बघा, हे पाठीचे स्नायू. ही हाडं. नळीचं टोक ह्याच्या आत, खोल असायला हवं. आता मी नळीतून थोडं सलाईन सोडते. ते आत जातंय का बघू."

पाठीत वरच्या वर काहीतरी फुगल्यासारखं मला जाणवलं. ह्यांच्या भुवया वर गेल्या, मग तोंड उघडं राहिलं.

"इथंच जमतंय," मॅडम म्हणाल्या. "वरच, स्नायूंमध्ये. आत काही जात नाहीये. आणि पट्टीखालून झिरपतंयसुद्धा. नळी बाहेर सरकलीये."

ह्यांनी विचारलं, "मग पंप चालू हाय त्याचं काय?"

"पंप ढकलतोय. कुठं जातंय ते त्याला कळत नाही."

मी विचारलं, "मॅडम, हे मशीन कालही होतं ना?"

"होतं." त्या थांबल्या. "मशीनवर दर वेळी इतकं स्पष्ट दिसतंच असं नाही, हाडं आड येतात. पण बर्फ लावून बघायला मशीन लागत नाही. ते कालच व्हायला हवं होतं."

एवढंच. माफी कोणी मागितली नाही, पण हे एक वाक्य कोणीतरी सरळ बोललं.

मला वाटलं, आता नवी नळी टाकतील आणि सुटले. तर नाही. सकाळीच मला रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन दिलं होतं, अंगात ताप होता. अशात पाठीत सुई घालणं धोक्याचं. जुनी नळीसुद्धा त्या इंजेक्शनचा जोर उतरल्यावरच काढायची. हे ऐकून मी रडले. सगळ्या दिवसांत पहिल्यांदा. दुखण्यानं नाही, चिडून रडले. एक दिवस आधी कोणी ऐकलं असतं तर ताप नसता.

मॅडमनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "दुसरा मार्ग आहे." मला उताणं झोपवून त्याच मशीनवर बघत बघत बरगडीखाली, पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये त्यांनी भुलीचं औषध सोडलं. सुई टोचली तेव्हा मी ह्यांचा हात धरला नाही. त्यांनी पुढे केला होता.

हळूहळू पोटावरचा भार उतरत गेला, छातीवर गुडघा रोवून बसलेला माणूस उठून जावा तसा. पूर्ण गेलं नाही. खोल कुठंतरी ठणकत होतं, पण श्वास पोटापर्यंत पोचला. मी उशी धरली आणि खोकले. घाणेरडा, हिरवट कफ पडला. व्यायामाची मुलगी टाळ्या वाजवायला लागली तेव्हा तिच्यावर ओरडावंसं वाटलं, पण तेवढ्यात झोप लागली.

बाकी

न्यूमोनिया झालाच. थोडासा, उजव्या बाजूला, पण झाला. अँटिबायोटिक बदललं, सुटी लांबली, मुक्काम वाढला. त्या दिवसांत मॅडम येऊन आणखी एकदा तसंच इंजेक्शन देऊन गेल्या, जुनी नळी त्यांनीच काढली. नळी निघताना काहीच कळलं नाही. साफसफाईच्या बाई रोज माझी चादर आधी बदलायच्या. तरुण डॉक्टर मला घरी सोडायच्या दिवशी म्हणाला, "आता बरं वाटतंय ना?" मी म्हटलं, "हो." त्याला वाटलं, विषय संपला.

ही नळी वाईट असते असं मी म्हणत नाही. पहिल्या दिवशी तिनं मला जे सुख दिलं ते मी विसरलेली नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर घाबरू नका, घ्या. पण नुसतं "दुखतंय" म्हणून थांबू नका, त्या शब्दाला दवाखान्यात किंमत राहत नाही. कुठं दुखतंय तिथं बोट ठेवा. कधीपासून आणि काय केल्यावर, ते सांगा. बर्फ लावून बघा म्हणा. पाठ ओली लागली तर दाखवा. ज्यांनी नळी टाकली त्यांचं नाव आधीच विचारून ठेवा. आणि सोबतच्या माणसाला घरूनच बजावून न्या की तू माझ्या बाजूनं बोलायचंस.

घरी आल्यावर भेटायला माणसं यायला लागली. हे प्रत्येकाला तीच गोष्ट सांगायचे. "मी स्वतः बघितलं मशीनवर. औषध सगळं भायेर जात व्हतं. मी लगीच म्हटलं, मग पंपाचं काय?" मंदा मनमाडहून आली तेव्हाही ओसरीवर बसून हे हातवारे करून सांगत होते. मंदा म्हणाली, "दाजी, तुमच्यामुळं कळलं म्हणायचं."

मी आतून बाहेर आले. "मी दोन दिवस तेच सांगत होते," मी म्हटलं. "मशीननं सांगितल्यावर ह्यांना खरं वाटलं."

मंदा चहाचं निमित्त काढून आत गेली. हे अंगणाकडे बघायला लागले. मला वाटलं, चिडतील.

"तुझं खरं धरलं आसतं," ते म्हणाले, "तर आत कायतरी बिघडलंय हे खरं धरावं लागलं आसतं. मला ते धरवत नव्हतं. पंप चालू हाय म्हटलं की बरं वाटायचं."

"तुम्हाला बरं वाटायचं."

"हां. मला."

राग तिथंच होता, पण त्याला एकदम काही करायला उरलं नव्हतं. ते भ्यायले होते आणि त्यांच्या भीतीचं ओझंही मीच उचललं होतं. हे समजणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. मी अजून त्या दोन्हींच्या मध्ये आहे.

पुढच्या आठवड्यात मळ्यात पहिल्यांदा शेवंतीचा क्रेट उचलायला गेले आणि टाक्यापाशी कळ आली. मी क्रेट खाली ठेवला. हे पलीकडच्या वाफ्यातून आले.

"दुखतंय?"

"हो."

त्यांनी क्रेटला हात लावला नाही. ओलं बारदान झटकून खाली टाकलं, त्यावर मला बसवलं आणि समोर उकिडवे बसले.

"कुठं, ते सांग."

मी बोट ठेवून दाखवलं. ते बघत राहिले, आणि मी बोलत असेपर्यंत मध्ये काही बोलले नाहीत.